नालबंदाचा जामीन

आमच्या येडशीकडच्या गावात बैलांना नाल ठोकणारा एकच माणूस. त्यालाच तुरुंगात टाकलं म्हटल्यावर राग येणार न्हाय व्हय? मला लई आला.

गुन्हा काय, तर खोटं बोलला. फाळणीनंतर त्याचा थोरला भाऊ कराचीला गेला, तेव्हा त्यांच्या आईनं अंथरूणच धरलं. भावाला माघारी आणावा म्हणून हा गुपचूप निघाला. आईला सांगितलं, बार्शीच्या बाजारात कामाला जातो. भाऊ काही आला न्हाय. हाच एकटा, सरकारी परवान्याशिवाय, चोरून परत आला. पुढं चौकशीचे साहेब दारात. "पाकिस्तानात गेला होतास?" आई शेजारच्या बाजेवर बसलेली. हा म्हणाला, "न्हाय. कुठंच गेलो न्हाय." तसाच जबाब लिहिला आणि यानं त्यावर अंगठा उठवला. खोट्या जबाबाची सजा झाली.

धाराशिवच्या वकिलानं अपील केलं. म्हणाला, निकाल लागेस्तोवर सजा थांबवून मागू, पण जमीनवाला जामीन लागंल, मिळकत दाखवावी लागंल. माझे मालक वारलेले, जमीन माझ्याच नावावर. म्हटलं, दाखवते की! बैलगाडी जुंपली, मागं म्हैस बांधली, गाडीत गोधडीवर त्याच्या आईला बसवलं आणि थेट कोर्टाच्या आवारात. वकिलानं कपाळावर हात मारला. "अहो बाई, कागद दाखवायचा असतो! म्हैस कशाला आणली?" कागदबी होता की, पदराला बांधलेला.

आत सरकारी वकील म्हणाला, सोडला तर हा पुन्हा पळंल. माझं डोकंच फिरलं. "पळायचं असतं तर आला कशाला असता?" जज्जसाहेबांनी मला गप केलं आणि त्याला विचारलं, खोटं का बोललास?

"साहेब, अम्मा समोर होती."

साहेबांनी खिडकीतून आवारातल्या गाडीकडं बघितलं. सजा थांबवली आणि माझा जामीन घेतला.

बाहेर आला तशी आईनं त्याचा हात धरला. लोकांच्या तोंडून तिच्या कानावर आलंच होतं. "गेला होतास का रं तिकडं? खरं सांग." एकदा खोटं बोलून तुरुंग बघितलेला तो, माझ्याकडं बघाय लागला. मीच म्हटलं, "न्हाय वो अम्मा, बार्शीलाच होता. सरकारची चूक झाली, म्हणून तर सोडलं."

सरकारी वकील पायरीवर उभा राहून ऐकत होता. मी डोळे वटारून बघितलं, घे म्हटलं लिहून. तो मान खाली घालून पान खायला निघून गेला.

अपिलात पुढं सजा दंडावर निभावली, पण ते कळायला अम्मा राहिली न्हाय. शेवटपर्यंत बाजेजवळ येईल त्याला सांगायची, "थोरला गेला, पण धाकटा माझा कुठं गेला न्हाय."

सगळ्या गावाला खरं ठाऊक होतं. सगळं गाव म्हणायचं, "व्हय अम्मा, न्हाय गेला."