अंडी बंद होती तेव्हा

कोलशेतला टॉवरांच्या मध्ये जे गावठाण उरलंय, त्यात तुळसाचं घर आहे. मागे अंगण, अंगणात पंचवीसेक गावठी कोंबड्या. नवरा रघु गेला, मुलगा विकी डोंबिवलीला फ्लॅटमध्ये राहायला गेला, कोंबड्या तेवढ्या राहिल्या. जमिनीचा पैसा बँकेत होता, त्यामुळे अंडी विकायची तिला गरज नव्हती. गरज होती अंडी घ्यायला येणाऱ्या माणसांची. पण हे ती मेली तरी कबूल करणार नव्हती.

त्यातही सुमतीबाईंची. बँकेतून निवृत्त झालेल्या या बाई समोरच्या टॉवरमध्ये राहायच्या. रोज सकाळी डबा घेऊन यायच्या, ओट्यावर बसून चहा प्यायच्या आणि सुनेपासून गुडघ्यापर्यंत सगळी गाऱ्हाणी सांगायच्या. तुळसा तर लहानथोर सगळ्यांनाच अगंतुगं करणारी. सुमतीबाईंना आधी ते खटकलं, मग त्याचीही सवय झाली.

"औषधं नाही ना घालत कोंबड्यांना?" पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं होतं.

"दवा कशाला? भरडलेला मका, कोंडा, सुका जवळा नि शिंपल्यांचा चुरा. आजून काय पायजे कोंबरीला?"

दवा तिला ठाऊक नव्हती असं नाही. रघुची ब्रॉयलरची शेड होती तेव्हा खाद्याच्या गोणीतच औषध मिसळलेलं यायचं. पक्षी आजारी असो नसो, सगळ्यांच्या पोटात जायचं आणि वजन भराभर चढायचं. तेव्हा कुणी विचारलं नाही, या दोघांनीही सांगितलं नाही.

या थंडीत कोंबड्यांच्या गळ्यात घरघर सुरू झाली. चोची उघड्या टाकून त्या कोपऱ्यात बसू लागल्या. हळद झाली, लसूण झाला. दोन मेल्या तेव्हा तुळसाने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी तपासून पाण्यातून द्यायचं औषध दिलं आणि बजावलं, "औषधाचा अंश अंड्यात उतरतो. औषध संपल्यावरही मी सांगेन तोपर्यंत अंडी कुणाला द्यायची नाहीत. पुरून टाका."

तुळसा हातात अंडं घेऊन बराच वेळ बसली. दिसायला तर कालच्यासारखंच होतं. गप्प राहिली असती तर कुणाला कळणार होतं? अंडी बंद झाली तर ओटाही रिकामा होईल की काय, अशी धास्ती तिला वाटली. तिला खरंच गप्प राहावंसं वाटलं.

पण सकाळी डबा पुढे आला तेव्हा तिच्याच्याने राहवलं नाही. "कोंबऱ्यांना दवा चालू केलीय, बाई. अंडी बंद."

सुमतीबाईंनी तिचा हात धरला. "बरं झालं सांगितलंत. सुरू झाली की फोन करा हं."

आणि त्या वळल्या. 'चा तरी पिऊन जा' हे तुळसाच्या ओठांवर आलं आणि तिथंच राहिलं. चहाला बोलवायची वेळ आजवर कधी आलीच नव्हती.

मग रोज शेवग्याखाली खड्डा आणि खड्ड्यात अंडी. ओट्यावर ती एकटीच बसायची. विकीचा फोन आला. "आई, विकून टाक ना त्या. कशाला टेन्शन घेतेस?" ती हो म्हणाली आणि दाणे टाकायला गेली. कोंबड्या बऱ्या होत होत्या.

एकदाची डॉक्टरीणबाईंनी परवानगी दिली. तुळसाने लगेच सुमतीबाईंना फोन लावला.

"बऱ्या झाल्या का? छानच झालं," सुमतीबाई म्हणाल्या. "पण मी आता ॲपवर महिन्याची लावलीत हो. दारात येतात, सर्टिफिकेटसकट."

"अंडी ऱ्हाऊ दे. चा प्यायला ये."

"येईन ना. बघते हं एखाद्या दिवशी."

तुळसाने फोन ठेवला. बाई आपल्यासाठी येतात, अंडी हे नुसतं निमित्त, असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती. तिला फार एकटं वाटलं. ती उठली, टोपलीतली ताजी अंडी उकडायला काढली. किती ठेवायची ते सुचेना, शेवटी आपल्यापुरतं एकच ठेवलं.