शेवटच्या पाण्याबरोबरची गोळी

साठी ओलांडली की माणसं एकमेकांना तब्येत विचारत नाहीत, झोप विचारतात. आमच्या निपाणीत सकाळी फिरायला निघणाऱ्या म्हाताऱ्यांचा तो रोजचा बाजारभाव आहे: काल किती लागली? कुणी तीन तास सांगतो, कुणी चार. मी आठ सांगायचो आणि सगळ्यांच्या शिव्या खायचो. झोपेशी माझं कधी वाकडं नव्हतं. वाकडं होतं ते बायकोचं.

सत्तरी जवळ आली तशी तिच्या डोळ्याला डोळा लागेना. जायफळ उगाळून कपाळाला लावून झालं, तळपायांना तेल चोळून झालं. लेक अमेरिकेत असते. तिला व्हिडिओ कॉलवर आईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली आणि तिनं गावाकडं येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर मेलाटोनिन हे झोपेचं औषध पाठवलं. तिकडं म्हणे ते किराणा दुकानात मिळतं. पहिल्या खेपेला आल्या त्या पोरांच्या चॉकलेटसारख्या मऊ वड्या. बायकोनं मला बाटलीवरचं बारीक अक्षर वाचायला लावलं. त्यात जिलेटिन निघालं. जनावराच्या हाडा-कातड्यापासून केलेली वस्तू जैनाच्या घरात कशी चालेल? बाटली उंबऱ्यातूनच बाहेर गेली. दुसऱ्या खेपेला साध्या पांढऱ्या गोळ्या आल्या.

"झोपायच्या तासभर आधी एक घे, आई," लेकीनं बजावलं. "आता रात्र झाली म्हणून शरीराला सांगती ती गोळी."

आम्ही दोघांनी माना डोलावल्या. इथल्या डॉक्टरला विचारावं असं कुणाच्याच डोक्यात आलं नाही. अमेरिकेतनं आलेल्या वस्तूला कोण विचारतं?

पंधरा दिवसांत घराची घडी विस्कटली. आठ ते दहा ही आमची वेळ असायची. मी पेपर मोठ्यानं वाचायचा, तिनं शेंगा फोडत प्रत्येक बातमीला टोमणा मारायचा. नऊला लेकीचा फोन, तेव्हा तिच्याकडं सकाळ असते, आणि नात आजीला काढलेलं चित्र दाखवायची. आता बायको साडेसातलाच पेंगायला लागली. नऊला फोन यायचा तेव्हा ती गाढ झोपलेली असायची. "आजी कुठाय?" नात रोज विचारायची. "झोपली," मी रोज सांगायचो.

पुढं पुढं दिवसाही तिचं डोकं जड राहायला लागलं, कारण दोनलाच जाग यायची आणि मग ती उजाडेपर्यंत बसून असायची. भाजीत मीठ दोनदा पडायचं. एका दुपारी तिनं मला विचारलं, "आज वार कुठला?" थोड्या वेळानं परत तेच विचारलं. माझ्या आईचं शेवटी असंच सुरू झालं होतं, आणि तिनं मला ओळखायचं सोडलं तो दिवस मी विसरलेलो नाही. हे मी कुणाला बोललो नाही. चिडचिड मात्र भरपूर केली. भीती वाटली की मी चिडतो, मास्तरकीनं लावलेली ही सवय आहे.

शेवटी तिला बेळगावला डॉक्टरबाईंकडं नेलं. तरुण बाई, मराठी आणि कन्नड दोन्ही सारख्याच बोलणाऱ्या. मी सगळी लक्षणं वहीत क्रमानं लिहून नेली होती. त्यांनी वही बाजूला सारली आणि बाटली हातात घेतली.

"ही गोळी किती वाजता घेता, आक्का?"

"दिवस बुडायच्या आत," बायको म्हणाली. "शेवटच्या पाण्यासंगं."

मी कपाळाला हात लावला. रोज दिवस मावळायच्या आत ती ओट्याशी उभी राहून पेलाभर पाणी पिते आणि तांब्या पालथा घालते. मग सकाळपर्यंत थेंब नाही. रक्तदाबाची गोळीही त्याच पाण्याबरोबर जाते, त्यामुळं आणखी एक जाते हे समोर बसूनही मला कळलं नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा! गोळीनं बिचारीनं काम चोख केलं होतं. सहा वाजताच रात्र झाली म्हणून सांगितलं होतं.

"ती रात्री नवाच्या सुमाराला घ्यायची असते," डॉक्टर म्हणाल्या. "घोटभर पाण्याबरोबर."

"रात्री पाणी घेत न्हाय मी."

"अगं, औषधाला चालतंय की," मी मध्ये पडलो. "डॉक्टर, रात्री जेवत तर आमच्यात कुणीच न्हाय. पण पाण्याला आणि औषधाला सगळे सूट ठेवतात. हिचाच हट्ट, बारा वर्षं झाली. का म्हणून विचारलं तर म्हणती, सांगायचं नसतं, सांगितलं की फळत न्हाय."

हे मी चेष्टेनंच सांगितलं. बारा वर्षं चेष्टाच करत आलो होतो. उन्हाळ्यात रात्री तिच्यासमोर गार पाण्याचा तांब्या घटाघटा रिकामा करायचो आणि वर विचारायचो, "पाहिजे का?"

बायकोनं माझ्याकडं पाहिलं नाही. ती डॉक्टरांकडं वळून कन्नडमध्ये बोलायला लागली. तिचं माहेर सदलग्याचं, जिवाभावाचं काही असलं की तिला कन्नडच सुचतं. ती म्हणाली, यांच्या छातीचं ऑपरेशन चाललं होतं तेव्हा मी बाहेर बाकावर बसून मागितलं होतं. हे जिवंत घरी येऊ देत, जन्मभर रात्री पाण्याचा थेंब घेणार नाही, औषधालासुद्धा नाही. आता हे समोर बसलेत. मग मी नियम मोडू कसा?

मला कन्नड येतं. हे तिला लग्नापासून ठाऊक आहे. पण तिनं मला कुठं सांगितलं होतं? तिनं डॉक्टरांना सांगितलं होतं.

बारा उन्हाळ्यांत प्यालेल्या एकेका तांब्याची मला लाज वाटली, आणि तिच्यावर इतकी माया आली की डॉक्टर समोर नसत्या तर मी तिचा हात धरला असता.

डॉक्टरांनी बाटलीचं झाकण लावलं. "मग गोळी बंद. तशीही ती आपल्या मनानं घ्यायची नव्हती, या वयात तर नाहीच. आक्कांना झालंय ते झोप मोडल्यानं. महिनाभरानं परत दाखवा." सकाळी उन्हात चाला, दुपारी आडवं होऊ नका, असं सांगून त्यांनी विचारलं, "रात्री घरात टीव्ही कोण बघतं?"

मी. अकरापर्यंत, आणि मोठ्या आवाजात, कारण मला कमी ऐकू येतं. मला मात्र आठ तास झोप लागते, हेही मी सांगून टाकलं.

"सर, तुमची झोप चांगली आहे म्हणालात," डॉक्टर म्हणाल्या. "त्यांची घालवून ती चांगली आहे."

टीव्ही आता आठलाच बंद होतो. बायको सकाळी चालायला येते, आम्हा म्हाताऱ्यांच्या दहा पावलं पुढं. झोप पाच तास लागली तरी ती खूश असते. नऊच्या फोनवर मात्र न चुकता असते आणि मला वार विचारत नाही. उलट मी चुकलो तर तीच सांगते.

बेळगावहून आलो त्याच संध्याकाळी ती ओट्याशी गेली, तेव्हा मीही मागोमाग गेलो आणि माझा पेला पुढं केला.

"तुमाला कशाला? तुमी तर रात्री दोनदा उठून पिता."

"आजपासनं न्हाय."

तिनं तांब्या खाली ठेवला. "काय मागितलं?"

"सांगायचं नसतं."

तांब्या परत उचलून तिनं माझा पेला काठोकाठ भरला.

"औषधाला सूट ठेवा," ती म्हणाली. "तुमाला ठेवायलाच पायजे."

मी ठेवली.