म्होरक्याच्या गळ्यातला पट्टा

हा प्रकल्प आपलाच झाला, असं मी बाकीच्या तिघांना पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. बीडच्या आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला नवीन पद्धत सुरू झाली होती. चौघांचा गट करायचा, परदेशातल्या एखाद्या कंपनीचा प्रश्न घ्यायचा आणि चार महिन्यांत तिला सल्ला द्यायचा. आमच्या वाट्याला नॉर्वेची एक लहानशी कंपनी आली. ती मेंढ्यांच्या गळ्यात बांधायचे पट्टे बनवायची. पट्ट्यात यंत्र, आणि मेंढरू कुठे आहे ते मोबाईलच्या नकाशावर ठिपक्यानं दिसायचं. आमच्याकडचे मेंढपाळ हा पट्टा घेतील का, एवढाच तिचा प्रश्न होता.

गटात फाडफाड इंग्रजी बोलणारी एक मैत्रीण होती, तक्ते आणि आकडे सांभाळणारा एक होता, आणि केजकडचा एक बागायतदाराचा मुलगा होता, ज्याच्या घरात दोन पिढ्यांचं राजकारण आणि दारात जीप. चौथी मी, धनगराची पोर. कपिलधारच्या वरच्या डोंगरात आमची वस्ती. मेंढरांबद्दल मला कोण काय शिकवणार? सल्ला आवडला तर कंपनी गटातल्या एकाला उन्हाळ्यात तीन महिने तिकडे कामाला नेणार होती. तो एक कोण, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. मी पासपोर्टचा अर्जही भरून टाकला. तुरी अजून बाजारातच होत्या, पण माझी फोडणी तयार होती.

दिवाळीच्या आधी, कळप अजून गावाजवळ असताना, आम्ही जीपमधून वस्त्या पालथ्या घातल्या. चाळीस मेंढपाळांना भेटलो. मी पुढे व्हायची, पाया पडायची, कुणाची कोण ते सांगायची. मग चहा यायचा. चहा झाला की मी चित्र दाखवून विचारायची, "मामा, असा पट्टा घ्याल का?"

"घेऊ की."

"खरंच?"

"तू म्हनतीस म्हंजी घ्यायलाच पायजे."

चाळीसच्या चाळीस होकार. त्यातला पहिला आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. "लई भारी हाय," ते म्हणाले, आणि चित्राकडे बघायचंच विसरले. हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

कंपनीची बाई पहिल्यांदा व्हिडिओवर भेटली तेव्हा मी छाती पुढे काढून बसले होते. बाई पन्नाशीची, स्वतःच्या घरी मेंढ्या पाळणारी. तक्ता संपेपर्यंत तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "नाही किती जण म्हणाले?"

"एकही नाही."

ती म्हणाली, "मी हा पट्टा पहिल्यांदा बनवला तेव्हा माझा सख्खा भाऊही नाही म्हणाला होता. मी पाच पट्टे पाठवते. आता विचारू नका, बांधा."

मला राग आला. आमच्या माणसांच्या शब्दावर हिचा विश्वास नाही, असं मी फोन बंद झाल्यावर मोठ्यानं म्हणाले. बाकीच्या तिघांनी माना डोलावल्या. गटात मला नाही म्हणायची पद्धत नव्हती.

पट्टे आले आणि आम्ही पुन्हा त्याच वस्त्यांवर गेलो. पहिले म्हणाले, आज अमावस्या हाय. दुसऱ्यांचा म्होरक्या, म्हणजे कळपाच्या पुढे चालणारा बोकड, नेमका त्याच दिवशी नव्या माणसाला बुजत होता. तिसऱ्यांनी पट्टा हातात घेऊन भरपूर कौतुक केलं आणि चहाच्या कपाबरोबर परत दिला. चौथे गावाला गेलेत असं त्यांच्या घरातून सांगितलं, आणि ते कुडामागे खोकत होते. असं दिवसभर चाललं. शेवटी एका म्हाताऱ्या मामांना मी चिडूनच विचारलं, "मामा, बांधायचा नव्हता तर हो कशाला म्हणालात?"

"तुजी परीक्षा हाय म्हनून." त्यांना माझ्या रागाचं नवल वाटत होतं. "तू पास व्हावीस म्हनून. आता मला सांग पोरी, मी दिसभर मेंढरासंगंच असतो. मेंढरू कुठं हाय ते मलाच ठावं नसंल, तर मी मेंढपाळ कशाचा?"

त्याच माणसांत जन्मून मला ही साधी गोष्ट सुचली नव्हती. घरच्या पोरीला आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही, हेही मला माहीत होतं, पण सर्वेक्षण करताना मी ते सोयीनं विसरले होते.

एकट्या आबांनी पट्टा बांधून घेतला, तोही माझं तोंड उतरलेलं बघून. "पाचातला एक तरी जाऊ दे," म्हणाले आणि आमच्या म्होरक्याच्या गळ्यात घंटेशेजारी बांधला. दिवाळी झाली की आमच्याकडचे कळप निघतात. रानं मोकळी झालेली असतात. शेतकरी आपल्या रानात मेंढ्या बसवून घेतात, त्यांना लेंडीखत मिळतं आणि आम्हाला धान्य. एका रानातून दुसऱ्या रानात असं करत बिऱ्हाड चार-पाच महिने चालत राहतं. आई आणि आबा निघून गेले, मी होस्टेलवर परतले.

होस्टेल मला नवं नव्हतं. चौथीपासून मी वसतिगृहातच वाढले. दर रविवारी अधीक्षक बाईंच्या फोनवर आबांचा फोन यायचा. "कुठं हायत, आबा?" या माझ्या प्रश्नाला एकच उत्तर असायचं, "हे काय, जवळच हाय. चौसाळ्याच्या अंगाला." चौसाळा म्हणजे बीडपासून एसटीनं तासाभराचं गाव. पाचवीत मला जोराचा ताप आला. बाईंनी निरोप धाडला, आणि आबा आले तिसऱ्या दिवशी. कुठं होतात, तर "जवळच हुतो." तासाभराच्या वाटेला तीन दिवस! माझ्यापेक्षा यांना मेंढरं प्यारी, अशी खूणगाठ मी तेव्हाच बांधली. बोलून दाखवली नाही, पण मी खुनशी आहे, दहा वर्षं ती सोडलीही नाही.

डिसेंबरातल्या एका दुपारी लायब्ररीत अहवाल लिहीत बसले होते. आबांना फोन केला. "कुठं हायत?"

"जवळच. चौसाळ्यालाच हाय."

बोलता बोलता मी सहज नकाशा उघडला. ठिपका पार केजच्याही पलीकडे, युसूफ वडगावच्या पुढे होता. मागच्या दिवसांची वाट रेघ होऊन दिसते, तीही बघितली. महिनाभरात ती रेघ चौसाळ्याला शिवलीसुद्धा नव्हती.

मी फोन आईकडे द्यायला सांगितला आणि तिला विचारलं, "मी पाचवीत आजारी पडले तेव्हा आपलं बिऱ्हाड कुठं होतं?"

"तवा?" आई म्हणाली. "तवा तर पार कर्नाटकाच्या शिवंला. निरोपच दुसऱ्या दिशी घावला. ऐकलं अन् तसंच निगाले बग, भाकर बी बांधून घेतली न्हाई."

मी लायब्ररीत सगळ्यांसमोर रडले. तोंड लपवलं नाही, रुमालही शोधला नाही. पोरीला लांब वाटू नये म्हणून तो माणूस दर रविवारी जवळ आहे असं सांगत होता, आणि मी त्याच शब्दावरून त्याच्यावर डूख धरून बसले होते. स्वतःचा इतका राग मला पुन्हा कधी आला नाही.

मग मी डोळे पुसून अहवालाची पहिली चार पानं फाडली.

जीपवाला वैतागला. "चाळीस होकार हायत की कागदावर. तू कावून खोदत बसलीस? आमच्या घरात मतं मोजतेत, मनात काय हाय ते कुनी इचारत न्हाई." तो चुकीचं बोलत नव्हता. होकार तसेच ठेवले तर कंपनी बीडमध्ये येणार होती, आणि कंपनी आली तर मी नॉर्वेला जाणार होते. गावाला मी सांगून बसले होते, आत्यानं तर मला स्वेटर विणायला घेतला होता.

शेवटच्या बैठकीत मी कंपनीच्या बाईंना सरळ सांगितलं. चाळीस होकार खरे आहेत, पण ते मला दिलेले आहेत, पट्ट्याला नाहीत. मेंढरांसोबत चालणाऱ्या माणसाला हा पट्टा नको आहे. तो पाहिजे आहे मागे राहिलेल्यांना, वसतिगृहातल्या पोरांना, गावात राहिलेल्या म्हाताऱ्यांना. आणि त्यांनाही मेंढीमागे एक नको, अख्ख्या कळपाला एकच पुरे. त्या चार महिन्यांत पहिल्यांदाच मी मला नक्की माहीत असलेली गोष्ट सांगत होते.

बाईंनी कागदावर काहीतरी मांडलं. "म्हणजे दोनशे मेंढ्यांमागे एक पट्टा," त्या म्हणाल्या. "एवढ्यावर आमची कंपनी इतक्या लांब येऊ शकत नाही."

"हो," मी म्हणाले. "येऊ नका."

कंपनी आली नाही. उन्हाळ्यात दुसऱ्याच कॉलेजचा कुणीतरी तिकडे गेला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पासपोर्ट कोरा तो कोराच राहिला, स्वेटर आत्याच्या मुलीला झाला. पण तो सल्ला चोख होता, असं मी आजही कुणालाही ठणकावून सांगते. उरलेले चार पट्टे बाईंनी परत मागवले. आबांचा मात्र राहू द्या म्हणाल्या.

आता मी बेंगलोरला असते. वस्तू बाजारात आणण्याआधी लोकांना विचारणाऱ्या एका कंपनीत काम करते, आणि लगेच हो म्हणणाऱ्यांना दुसऱ्यांदा भेटल्याशिवाय सोडत नाही. गेल्या हिवाळ्यात खोलीवर एकटीच तापानं पडले होते. मैत्रीण गावाला गेलेली, पाण्याचा तांब्या उशाशी. पडल्या पडल्या नकाशा बघत होते, तेवढ्यात आबांचाच फोन आला.

"कुठं हायत, आबा?" मी सवयीनं विचारलं.

"हे काय, जवळच..." आणि ते थांबले. त्यांना पट्टा आठवला असावा. "तुला दिसतंय न्हवं? मंग इचारतीस कावून?"

मी हसले. हसताना खोकला आला.

"आवाज असा कावून येतोय? बरी हाईस न्हवं?"

"बरी हाय. आत्ताच उठले."

फोनवर मागून म्होरक्याची घंटा ऐकू येत होती. मग आबांनी विचारलं, "बेंगलोर लई लांब हाय का गं?"

"न्हाई आबा," मी म्हणाले. "जवळच हाय."