साक्षीदारांसमोर भरलेले फॉर्म

माणूस भेटल्यावर "बरे आहात ना?" असं न विचारता "शाळा कितवीत सोडलीत?" असं विचारणारे गृहस्थ अख्ख्या गिरणगावात एकच झाले, आणि ते नेमके माझे मामा निघाले. तसे दूरचे मामा. पण नायगावच्या चाळीत आमच्या गावकऱ्यांची जी एक खोली होती, तिथे दूरचं कोणी नव्हतंच. गिरणीतल्यासारख्या झोपायच्याही पाळ्या, एक उठला की त्याच्या गरम अंथरुणावर दुसरा आडवा. मामा कॉटन ग्रीनच्या एका गोदामात कारकून होते. एकदा कुठल्याशा कॉलेजची मंडळी चाळीत पाहणीला आली आणि तासाभरात अख्खा मजला लिहून घेऊन गेली. मामांना ते झोंबलं. "तासाभरात माणूस कळता काय रे?" असं म्हणत त्यांनी गोदामातल्या रद्द कागदांच्या पाठीवर स्वतःचे फॉर्म आखले आणि गावाकडच्या पोरांच्या शिक्षणाचं संशोधन सुरू केलं.

गावाहून नवा पोरगा आला की त्याची ट्रंक जमिनीला टेकायच्या आत मामा समोर बसत. कितवीत सोडलंस, कित्याक सोडलंस, आणि शेवटी त्यांचा लाडका प्रश्न, "सोडू नको म्हणान कोणी सांगल्यान?" हा प्रश्न विचारताना मामांचा आवाज उगाचच खाली यायचा. संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात ते पकडले गेले, तर कोठडीतही फॉर्म भरत बसले. सुटून आले ते हिरमुसलेले. आम्ही हार घेऊन उभे, आणि मामा म्हणतात, "आजून धा जणांचे ऱ्हवले!" कारण कोठडीसारखी जागा नाही, विचारता विचारता कोणी उठून जात नाही.

हे सगळं कशासाठी, तर गावात शाळा चौथीपर्यंतच. पुढची शाळा दोन डोंगर पलीकडे. तिथे आमच्या गावकऱ्यांच्या मुंबईतल्या मंडळाने मुलांसाठी बोर्डिंग बांधावं, एवढाच मामांचा ध्यास. मंडळाच्या म्हाताऱ्यांना मात्र देवळापुढे सभामंडप हवा होता. तेव्हा मामांनी ठरवलं की म्हाताऱ्यांचं तोंड पुराव्यानेच बंद करायचं. आणि पुरावा म्हटला की आमच्याकडे साक्षीदार आलेच. गावात बांधाची खूण असो की सोयरीक, चार माणसांसमोर बोललेलंच खरं. म्हणून प्रत्येक फॉर्मखाली दोन वडीलधाऱ्यांच्या सह्या नाहीतर अंगठे. कोठडीत तर मामांनी हवालदारालाही साक्षीला बसवलं होतं. खोलीत हे साक्षीदार कोण, तर बहुतेक वेळा पोराला शाळेतून काढून मुंबईला आणणारे त्याचेच काका.

माझाही फॉर्म तसाच भरला गेला. मी रोज दोन डोंगर तुडवत सहावीत जात होतो, गणितात पहिला. शिमग्याला काका गावी आले आणि जाताना मला घेऊन निघाले. आमचे मास्तर एसटीच्या थांब्यापर्यंत मागे चालत आले, काकांना हात जोडले, आणि काकांनी त्यांना चारचौघांत झिडकारलं. पण मामांनी विचारलं तेव्हा काका शेजारी बसून तंबाखू मळत होते. मी म्हणालो, "माका आवड नव्हती." कोणी सोडू नको म्हणालं का? "नाय." काकांनी खाली अंगठा उठवला.

मंडळाची सभा चाळीच्या गच्चीवर झाली. मामा इस्त्रीचा सदरा घालून गठ्ठा घेऊन उभे राहिले आणि एकेक फॉर्म वाचू लागले. आवड नव्हती. आवड नव्हती. पोरगे आवड नसल्यामुळे आले होते आणि त्यांना कोणीही अडवलं नव्हतं. मोठ्याने वाचतानाच बहुधा मामांच्या ध्यानात आलं, कारण त्यांचा आवाज बसत गेला. अध्यक्ष म्हणाले, "पोरांकच नको, तर बोर्डिंग कोणासाठी बांधूचा?" सभामंडप टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. मामांनी आम्हा मागे उभ्या पोरांकडे एकदा पाहिलं. मी बोलू शकत होतो. काका शेजारी होते, मी बोललो नाही. त्याची मला आजही लाज वाटते.

नवं राज्य झालं त्या सकाळी चाळीत पेढे वाटले जात होते. मामांनी मला हाताला धरून मैदानाच्या कडेला नेलं, आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहिलं आणि जुना फॉर्म उघडला. "आता खरा सांग." मी मास्तरांचं सगळं सांगितलं. मामा बराच वेळ लिहीत होते. साक्षीदार कोण, असं मी विचारलं, तर म्हणाले, "नको. साक्षीदारांनीच घात केल्यानी." पुढे ते इतरांच्याही मागे लागले, पण कोणाची पाळी बदललेली, कोणी दुसऱ्या खोलीत गेलेला, आणि पुष्कळांना आपणच सांगितलेलं खोटं एव्हाना खरं वाटू लागलेलं.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. सभामंडप छान झालाय, पोरं दुपारी तिथे पत्ते खेळतात. मागच्या महिन्यात माझा पुतण्या ट्रंक घेऊन आला. मी सहज विचारलं, शाळा का सोडलीस रे? माझ्याकडे पाहून तो म्हणाला, "आवड नव्हती." त्याला मुंबईला पाठवा असं पत्र मीच लिहिलं होतं. मामा असते, तर त्यांनी त्याला विचारण्याआधी मला खोलीबाहेर काढलं असतं.