वर्गणीची बॅट

बेसबॉल खेळतात उन्हाळ्यात, पण त्यातली सगळी उलथापालथ होते हिवाळ्यात. कोण टीम सोडून गेलं, कोण नवीन आलं, लीगनं कुठला नियम बदलला, हे सगळं मैदानावर बर्फ असताना ठरतं. जर्मनीत येईपर्यंत मला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं, आणि असायचं कारणही नव्हतं. मी पुण्याची. आमच्या घरात क्रिकेटसुद्धा परीक्षा संपल्यावरच. लग्न करून रेगेन्सबर्गला आले, विद्यापीठातल्या एका लॅबमध्ये काम मिळालं. नवरा तिथल्याच गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर होता. तो नागपूरचा. माझे सासरे रेल्वेतून रिटायर झालेले, आणि त्यांच्या वस्तीतल्या क्रिकेट टीमचे जन्मभराचे कोच, अंपायर आणि वेळ पडली तर एकमेव प्रेक्षक.

एका रविवारी आम्ही दोघं सायकलवरून गावाबाहेर भटकत होतो. एका लहानशा गावात जाळीपलीकडे बेसबॉलचा सराव चालला होता. एक चेंडू जाळीवरून आमच्या पायाशी येऊन पडला. नवऱ्यानं सायकल आडवी टाकली, चेंडू उचलला आणि सीमारेषेवरून यष्टिरक्षकाकडे फेकावा तसा सरळ, सपाट फेकला. तो थेट पलीकडच्या माणसाच्या ग्लव्हमध्ये. मैदानावरची सगळी मंडळी थांबून बघायला लागली. त्यांचा ट्रेनर, धंद्यानं इलेक्ट्रिशियन आणि आवाजानं सभागृह दणाणून सोडणारा माणूस, जाळीपाशी धावत आला आणि म्हणाला, गुरुवारी सरावाला ये. ना नाव, ना गाव. मी म्हटलं, "जा बाबा, नाहीतरी गुरुवारी तू काय दिवे लावतोस." आणि तो गेला.

पहिल्या सामन्यात त्यानं जे केलं ते त्या क्लबात कोणी विसरलेलं नाही. चेंडू टोलवला, आणि बॅट हातात घट्ट धरून पळत सुटला. बेसबॉलमध्ये चेंडू मारला की बॅट जागच्या जागी टाकायची आणि पहिल्या बेसवर पाय ठेवायचा. ह्या पठ्ठ्यानं बेस जवळ येताच वाकून, हात लांब करून, बॅटचं टोक बेसवर टेकवलं. चेंडू आला, अंपायरनं आउट दिलं. हा तिथंच उभा, बॅटकडे बोट दाखवत, की अहो, पोचली की. दोन्ही बाजूंचे लोक हसून हसून वाकडे झाले. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

घरी आल्यावर त्यानं सांगितलं ते ऐकून मात्र माझं हसू गेलं. त्यांच्या वस्तीत बॅट एकच होती, वर्गणी काढून आणलेली. पिच आणि रस्ता ह्यांच्यात भिंत नव्हती, त्यामुळे खाली ठेवलेली बॅट पुन्हा दिसेल ह्याचा भरवसा नव्हता. पलीकडच्या कॉलनीतली मुलं ह्यांना आपल्या मैदानावर येऊ देत नसत, पण ह्यांची बॅट न्यायला त्यांना काही वाटत नसे. म्हणून बाबांचा, म्हणजे सासऱ्यांचा, पहिला नियम असा: बाद झालास तरी चालेल, बॅट सोडायची नाही. दुसरा नियम, धावताना ती टेकवायची. हे दोन नियम ज्याच्या हाडात भिनलेत, त्याला जर्मनीतला इलेक्ट्रिशियन काय शिकवणार?

पण तो शिकला. हळूहळू. तीन मोसम तो त्या टीममध्ये उजव्या बाजूला खोल मैदानात उभा राहिला. त्याच्या फेकीला घाबरून समोरचे खेळाडू एक बेस कमीच पळत. बॅटही आता बहुतेक वेळा सोडायचा. घाई झाली, की मात्र त्याची मूठ आपोआप आवळायची आणि दोनचार पावलं बॅट बरोबर यायची. टीम पहिल्या लीगमध्ये होती, आणि ही बातमी नागपुरात पोचल्यावर काय झालं असेल ते सांगायला नको. बाबांनी विहारात वंदना झाल्यावर उभं राहून सगळ्यांना सांगितलं की आपला पोरगा जर्मनीच्या पहिल्या लीगमध्ये खेळतो. कुठला खेळ, हे कोणी नीट विचारलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात बाबा स्वतः येऊन बघणार होते. तिकीट काढून झालं होतं.

आणि मग तो हिवाळा आला.

नोव्हेंबरात क्लबच्या फेराइन्सहाइममध्ये, म्हणजे क्लबघरात, वार्षिक बैठक असे. लाकडी बाकं, कॉफी, कोणाच्या तरी आईनं केलेला सफरचंदाचा केक. मी शंकरपाळे नेले होते. ट्रेनरनं उभं राहून एकेक सांगायला सुरुवात केली. आमचा सगळ्यात चांगला पिचर, म्हणजे बोलर, पश्चिमेकडच्या एका मोठ्या क्लबात निघाला होता. कॅचर, म्हणजे इथला यष्टिरक्षक, लग्न करून ऑस्ट्रियाला. त्यांच्या जागी दोन अमेरिकन विद्यार्थी येणार होते. आल्झो, म्हणजे तर मग, म्हणाला, आता लीगकडून. दक्षिण गटातल्या टीम कमी करणार, म्हणजे शेवटची टीम खालच्या लीगमध्ये जाणार. आणि एका वेळी मैदानावर परदेशी खेळाडू फक्त दोन.

दोन अमेरिकन आणि हा तिसरा. हिशेब करायला इंजिनिअर लागत नव्हता. सगळ्यांच्या माना एकदम त्याच्याकडे वळल्या आणि तितक्याच एकदम केककडे.

माझं डोकं सटकलं. माझं जर्मन तेव्हा धड नव्हतं, पण राग आला की मला कुठलीही भाषा येते. मी म्हटलं, तीन वर्षं हा तुमचा होता, तेव्हा ह्याचा पासपोर्ट कोणी बघितला नाही, आणि आजच कसा हा परका झाला? ट्रेनर बिचारा लालबुंद. म्हणाला, नियम मी केला नाही, पण हा राखीव म्हणून राहिला तर मला फार बरं वाटेल. "या, गेनाऊ," हो, अगदी बरोबर, असं मी कुजकटपणे म्हटलं, आणि शंकरपाळ्यांचा डबा बंद करून टाकला. नवऱ्यानं तो शांतपणे उघडून परत टेबलावर ठेवला.

गाडीत त्यानं एवढंच सांगितलं, "बाबांना कळवू नकोस."

जानेवारीत शेजारच्या एका क्लबाचा फोन आला. खालच्या लीगमधली टीम, पण दर रविवारी खेळायला नक्की मिळेल म्हणाले. मी म्हटलं, घे की, बाबा येतील तेव्हा निदान मैदानावर तरी दिसशील. तो नाही म्हणाला. "ह्या लोकांनी मला हसत हसत ठेवून घेतलं, गं. बॅट घेऊन पळणाऱ्याला कोण ठेवतं?" मी म्हटलं, तू महामूर्ख आहेस. खरं तर तेव्हाच मला त्याचा अभिमान वाटला होता, पण तोंडावर कौतुक करायची आमच्या पुण्यात पद्धत नाही.

राखीव तर राखीव, पण हा माणूस हिवाळाभर हॉलमधल्या सरावाला गेला. एक दिवस चुकवला नाही. घरीही त्याचं एक खूळ सुरू झालं. माझं लाटणं घ्यायचं, स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून हवेत फिरवायचं, टाकायचं आणि कॉरिडॉरमधून बाहेरच्या दारापर्यंत धावायचं. खाली राहणाऱ्या आजीबाई वर आल्या. दुपारच्या शांततेच्या वेळेत हे काय पडतं म्हणून त्यांनी विचारलं. मी लाटणं दाखवलं आणि खरं ते सांगितलं. त्यांनी लाटण्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दुसऱ्या दिवशी एक जुनी जाड सतरंजी आणून दिली.

मोसमाचा पहिला सामना जयंतीच्या दिवशी, चौदा एप्रिललाच आला. सकाळी घरी वंदना झाली, खीर झाली, दुपारी हा गणवेश घालून बाकावर जाऊन बसला. बसूनच राहिला. मग तो उन्हाळा तसाच गेला. मेमध्ये एक सामना पावसानं वाहून गेला, तो लीगनं मोसमाच्या अगदी शेवटी टाकला. टीम हरत होती, तळाशी घसरत होती, आणि हा बाकावरून ओरडून ओरडून घसा बसवून घरी येत होता.

जुलैच्या शेवटी बाबा आले. पहिल्याच रविवारी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून जाळीमागे बसले. थोडा वेळ झाला आणि मला म्हणाले, "बेटा, हा तिथं काय करून राहिला? खेळत काहून नाही?" नवऱ्यानं गप्प बसायला सांगितलं होतं, पण समोर विचारणाऱ्या माणसाला काय थापा मारायच्या. मी सगळं सांगितलं. बाबा सामना संपेपर्यंत तसेच ताठ बसून राहिले.

संध्याकाळी ते आमच्या फोनवरून नागपूरला बोलत होते. वस्तीतली मंडळी तिकडे वाटच बघत असणार. मी भांडी आवरत होते, आणि माझ्या कानावर आलं, "नाही ना, मॅच झालीच नाही. पाऊस लागला." बाहेर इतकं लख्ख ऊन होतं की मी पडदा ओढला होता. ज्या माणसानं आयुष्यात अंपायर म्हणून स्वतःच्या मुलालाही पायचीत दिलं होतं, तो माझ्या घरात बसून पोरासाठी खोटं बोलत होता. मला रडू आलं. पुढच्या रविवारी फोनवर पुन्हा पाऊस लागला, त्याच्या पुढच्या रविवारीही.

शेवटी तो मेमधला राहिलेला सामना आला. समोरची टीमही आमच्याबरोबरीनं तळाला. जो हरेल तो खालच्या लीगमध्ये. आणि दोन अमेरिकनांपैकी एकाचं कॉलेज सुरू होत होतं, तो आठवडाभर आधीच परत गेला होता. मैदानावर परदेशी माणसाची एक जागा रिकामी. ट्रेनरनं शुक्रवारी फोन केला. नवऱ्यानं फोन ठेवला आणि लाटणं काढलं. बाबांची परतीची फ्लाइट मंगळवारी होती.

त्या दिवशीचा सगळा खेळ मी सांगत बसत नाही. त्यानं दोन झेल घेतले, एकदा खोलातून फेकून एकाला घरच्या बेसवर बाद केलं, दोनदा बॅटिंगला येऊन नुसताच परत गेला. शेवटच्या डावात बॅटिंग आमची आली तेव्हा गुण सारखे होते. आमचा एक खेळाडू तिसऱ्या बेसवर, म्हणजे घरापासून एका धावेवर. दोघं बाद झालेले. तिसरा बाद झाला की डाव संपला. आणि बॅटिंगला आमचा हा.

त्यानं चेंडू मारला, पण कसला, पुचाट. उडी मारत मारत जमिनीवरून गेला. त्यांच्या खेळाडूनं उचललाही. आता सगळं एकाच गोष्टीवर होतं: चेंडू आधी पहिल्या बेसवर पोचतो, की ह्याचा पाय. चेंडू आधी आला, तर तिसऱ्या बेसवरच्याची धावही धरणार नव्हते. माझे डोळे त्याच्या हातांवर होते. दोन पावलं बॅट त्याच्या मुठीत होती. शेजारी बाबा उभे राहिले होते, आणि त्यांच्या तोंडून जन्मात पहिल्यांदा ते शब्द निघाले. "सोड," ते म्हणाले. ओरडले नाहीत. आपल्याशीच बोलावं तसं म्हणाले. "सोड, बाबू, सोड."

तिसऱ्या पावलाला बॅट मातीत पडली. मोकळ्या हातांनी इतक्या वेगात पळणारा माझा नवरा मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. पाय बेसवर पडला आणि मग चेंडू आला. अंपायरनं दोन्ही हात आडवे पसरले, म्हणजे इथं नाबाद. तिसऱ्या बेसवरचा घरी पोचला होता. आम्ही जिंकलो, लीगमध्ये राहिलो. ट्रेनरनं माझ्या नवऱ्याला गव्हाच्या पोत्यासारखं उचललं, आणि मी, जिला खेळातलं काही कळत नाही ती, जाळीला धरून भोकाड पसरून रडले.

डोळे पुसून बघते तर बाबा शेजारी नव्हते. ते जाळीच्या फाटकातून मैदानात गेले होते. सगळी टीम पहिल्या बेसपाशी नाचत होती, आणि बाबा एकटे इकडे वाकून मातीतली बॅट उचलत होते. त्यांनी खिशातला रुमाल काढला आणि ती पुसली, मुठीपासून टोकापर्यंत. नवरा त्यांच्याकडे धावत आला. शाळकरी पोरासारखा खाली मान घालून म्हणाला, "बाबा, टाकली."

"बरं केलं," बाबा म्हणाले. "इथं कोणी नेत नाही."

बॅट त्यांनी लगेच परत दिली नाही. फोटो काढेपर्यंत काखेत धरून उभे होते. घरी आल्या आल्या, शर्टही न बदलता, त्यांनी नागपूरला फोन लावला. मी आणि नवरा स्वयंपाकघरात उभे राहून ऐकत होतो. "हो, आज झाली मॅच," ते म्हणाले. "खेळला ना. जिंकले. पण मी काय म्हणतो, ऐक, त्यानं बॅट टाकून दिली." पलीकडून कोणीतरी घाबरून विचारलं असणार, टाकली म्हणजे काय, कारण त्यानंतर बाबा कितीतरी वेळ हसत हसत समजावून सांगत राहिले.