औशातली बंद खिडकी

खोलीत पाय ठेवला की एसी केवढा लागेल याचा अंदाज मला येतो, तरी मी टेप काढून मोजतेच. नांदेडात माझं एसीचं दुकान आहे आणि माझा हिशोब सहसा चुकत नाही. उगाच लाजायचं कशाला?

औशाच्या एका कॉलेजने कॉम्प्युटरची खोली गार करायचं काम दिलं. तिथे मुलींची ऑनलाइन परीक्षा व्हायची होती. आदल्या उन्हाळ्यात मशिनी तापून मध्येच बंद पडल्या होत्या. यंदाही तसंच झालं तर केंद्र लातूरला जाणार होतं. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, निम्म्या पोरींना बाप लातूरला धाडत न्हाईत. केंद्र गेलं की त्यांची परीक्षा गेली." हे ऐकून मला चेवच चढला.

मशिनी, माणसं, पश्चिमेच्या भिंतीवरचं ऊन, सगळं धरून मी दोन एसी बसवले. चाचणीच्या दिवशी दुपारी बघते तर खोलीत घामाच्या धारा! प्राचार्यांचं तोंड उतरलं. "अजून एक एसी घ्यावा का?"

"बिलकुल नाही," म्हणत मी आधी पडद्यामागची उघडी खिडकी लावून घेतली आणि तिथेच खुर्ची टाकून बसले. खोली गार व्हायला लागली. तेवढ्यात प्राचार्य पुन्हा आले, पडदा सारला आणि खिडकी हातभर उघडली.

"हवा खेळती पाहिजे ना!"

मला हसू आवरेना. आमच्याकडे सगळे उन्हाळे कुलरपुढे जातात, आणि खिडकी बंद असली की कुलर नुसती ओल फेकतो, हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. त्यामुळे त्या खोलीत जो येई तो भल्यासाठीच खिडकी उघडून जाई. "सर, फुटक्या माठात पाणी भरून ऱ्हायलो आपण," मी म्हणाले आणि खिडकीला आतून कुलूपच ठोकलं.

परीक्षेच्या दिवशी मी मुद्दाम गेले. पेपर सुरू झाला होता. मागच्या व्हरांड्यात एक शेतकरी बाप बाहेरून खिडकीशी झटत होता.

"ताई, पोरगी गुदमरंल की आत!"

"मामा, आत गार आहे."

त्यांना पटेना. म्हटलं, काचेला हात लावून बघा. त्यांनी तळवा टेकवला, काढला, पुन्हा टेकवला.

"माझी पोर ह्यात बसली हाय?"

"हाव."

त्यांचे डोळे भरले, आणि खरं सांगते, माझेही. मग ते खिडकीला पाठ लावून खालीच बसले. थोड्या वेळाने दुसऱ्या एका बापाने खिडकीकडे हात नेला, तर यांनी त्याचं मनगटच धरलं.

"हात लावू नगंस. आत पोरी परीक्षा द्यायल्यात."

शेवटच्या पोरीचा पेपर होईपर्यंत ते तिथून उठले नाहीत.