मायनस झिरो

नव्वदच्या दशकात नवी मुंबईत महाप्याच्या एका लहान कंपनीत मी कंपायलरवर काम करायचो. प्रोग्रामरने लिहिलेलं कॉम्प्युटरच्या भाषेत बदलायचं आणि जमेल तितकं वेगवान करायचं, हे आमचं काम. परदेशातलं एक गिऱ्हाईक होतं. त्यांचे प्रोग्राम वाऱ्याच्या प्रवाहाची चित्रं काढायचे.

त्यांच्यासाठी मी एक सुधारणा केली. 'क्ष शून्य असेल तर अमुक कर' असं आलं की त्या भागात क्षच्या जागी कंपायलर सरळ शून्यच घालायचा. क्ष पुन्हा मेमरीतून आणायला नको. वेग वाढला. साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं.

महिन्याभरात तक्रार आली. चित्रातली एक रेष मधेच उलट्या बाजूला उडी मारत होती. पुढचे तीन आठवडे मी सकाळी नऊपासून प्रिंटआउट चाळत बसलो. डबाही तिथेच खायचा. खिडकीतून शेजारच्या दगडखाणीची धूळ यायची, डोळे चुरचुरायचे. शेवटी शेवटी मी ओळी वाचत नव्हतो, नुसत्या बघत होतो.

टेस्टिंगला सारसोळे गावच्या एक बाई होत्या. एका दुपारी त्या कागद घेऊन आल्या.

"सर, हा माजा जुना रिपोर्ट. तुमी बघितला होता."

बघितला होता. मायनस झिरो दिला तर उत्तर उलटं येतं, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली माझं अक्षर : 'शून्य ते शून्य. दुर्लक्ष करावे.'

दशांश संख्यांसाठी कॉम्प्युटरकडे शून्यं दोन असतात, अधिक आणि उणे. तुलना केली तर दोन्ही सारखीच. पण एखादी ऋण संख्या लहान होत होत शून्य झाली, तरी ती कुठल्या बाजूने आली हे ते चिन्ह सांगतं. गिऱ्हाइकाचं कोनाचं गणित त्या चिन्हावरच चालायचं, आणि माझी सुधारणा ते पुसून टाकत होती.

"तुम्ही तेव्हाच आग्रह का नाही धरलात?" मी विचारलं.

"तुमी लिवून दिलंत ना, सर. मग कुनाला सांगनार?"

रिपोर्ट घेऊन मी साहेबांकडे गेलो. चूक माझी आणि ती बाईंनी आधीच पकडली होती, हे सांगितलं. साहेबांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"वेग किती जाईल?"

"मिळाला होता तेवढा सगळा."

"काढा मग," ते म्हणाले. "आणि गिऱ्हाइकाला जाणाऱ्या पत्रात बाईंचं नाव घाला."

दशांश संख्यांची शून्याशी तुलना असेल तिथून मी ती सुधारणा काढली. बाईंनी स्वतः चाचणी चालवली, रेष जागेवर आली. आनंद वगैरे काही झाला नाही. फक्त पाठ टेकावीशी वाटली.

त्या दिवशी सहालाच नेरुळला घरी पोचलो. बायकोने विचारलं, "काय झालं आज?"

"काढून टाकलं."

तिच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. "तुम्हाला?"

"नाही गं. मी लिहिलेलं," म्हणालो आणि बूट न काढताच पलंगावर आडवा झालो.